आधी वही उघडा, मग बाजार पाहा

गेल्या खरिपाच्या तोंडावर खालापूर तालुक्यातल्या एका गावात चारसूत्री भात लागवडीची बैठक होती. बैठक संपली, चहा झाला, मंडळी उठू लागली. तेवढ्यात एका वयस्कर काकांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला. "साहेब, भाताचं कळलं. आता हे जरा वाचून सांगा."

कागदावर एका होऊ घातलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे नाव होते. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते की आज शेअर १० रुपयांना मिळेल, तीन वर्षांत कंपनी शेअर बाजारात जाईल आणि त्या वेळी हाच शेअर ५०० रुपयांचा होईल. पैसे रोख भरावेत, पावती नंतर मिळेल. काकांची थोडी जमीन रस्त्यात गेली होती, त्याचे पैसे बँकेत पडून होते. त्यांनी विचारले, "दोन लाख टाकू का?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी कृषी पदविका घेतलेला माणूस. भातावरचा करपा आणि तुडतुडा ओळखू शकतो, शेअरचा भाव ओळखू शकत नाही. त्या दिवशी मी "जरा थांबा" एवढेच म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग कायदा वाचला, हिशोब तपासणाऱ्या जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे मांडतो आहे. कारण असे कागद एकाच गावात फिरत असतील असे मला वाटत नाही. कर्जत-खालापुरात रस्त्यात, रेल्वेत आणि फार्महाऊसमध्ये जमिनी गेल्या आहेत. पैसा आला आहे, आणि पैशाच्या मागे माणसेही आली आहेत.

शेअर आपल्याला परके नाहीत

पुष्कळांना वाटते, शेअर म्हणजे मुंबईच्या शेठ लोकांचा धंदा, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांचा आहे. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी निघाली. तिचे भांडवल भाग विकून देशातूनच उभे राहिले. त्या पैशातून घाटमाथ्यावर वळवण, लोणावळा, शिरवता हे तलाव झाले, पाणी नळांतून खाली उतरले आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला जाऊ लागली. पुढे आंध्रा व्हॅली कंपनी आली आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. त्या वीजघरातून सुटलेले पाणी राजनाल्याला येते आणि त्यावर कर्जत तालुक्यातील शेतकरी उन्हाळी भात घेतात. या जुन्या कंपन्या २००० साली टाटा पॉवरमध्ये विलीन झाल्या. तिच्या शेअरची खरेदी-विक्री मुंबईच्या बाजारात आजही रोज चालते.

म्हणजे राजनाल्याच्या पाण्यावर ज्याचे भात पिकते, त्याच्या शेतात शेअरचाच पैसा पाणी होऊन येतो आहे. हजारो अनोळखी माणसांनी आपले थोडे थोडे पैसे एकत्र केले म्हणून एवढे मोठे काम झाले. शेअरची ही चांगली बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

दुसरी बाजूही आपल्याच डोंगरात आहे. १९२१ मध्ये मुळशी पेठेतल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण झालेच, आणि त्याच्या पाण्यावर आपल्या जिल्ह्यातल्या भिऱ्याचे वीजघर चालते. जमीन मावळ्यांची गेली, भाग मात्र ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचा राहिला. तेव्हा कंपनी म्हटली की पहिला प्रश्न विचारायचा तो असा: यात माझा भाग कुठला, आणि तो कागदावर कुठे लिहिला आहे?

उत्पादक कंपनीचा भाग बाजारात विकता येत नाही

आता काकांच्या कागदाकडे येऊ. डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली. आज या कंपन्यांच्या तरतुदी २०१३ च्या कंपनी कायद्यातील, २०२० मध्ये घातलेल्या प्रकरण २१-अ मध्ये आहेत. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक सभासदाला पाठ असाव्यात.

पहिली गोष्ट, सभासद उत्पादकच असावा लागतो. शेतकरी असेल, दूध घालणारा असेल, कोंबडी पाळणारा असेल, पण उत्पादक हवा. दुसरी गोष्ट, वैयक्तिक सभासदाला मत एकच. भाग दहा असोत की हजार, मत एक. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या कंपनीचा भाग संचालक मंडळाच्या संमतीनेच आणि दुसऱ्या सक्रिय सभासदालाच देता येतो, तोही दर्शनी किमतीला. १० रुपयांचा भाग १० रुपयांनाच जाणार. बाजारात कोणीही यावे आणि कोणत्याही भावाने घ्यावे, हे उत्पादक कंपनीत कायद्यानेच बंद आहे.

मग सभासदाला फायदा कसा होतो? भागावर मर्यादित लाभांश मिळतो आणि ज्याने कंपनीमार्फत जास्त माल विकला त्याला व्यवहाराच्या प्रमाणात बोनस मिळू शकतो. म्हणजे कमाई आहे ती माल घातल्यावर. शेअर कपाटात ठेवून ती होत नाही. म्हणून "उत्पादक कंपनीचा १० चा शेअर ५०० ला जाईल" असे जो सांगतो, त्याला एकतर कायदा ठाऊक नाही किंवा तुम्हाला तो ठाऊक नाही हे त्याला ठाऊक आहे.

बाजारात जाणारी कंपनी काय तयारी करते?

साधी कंपनी मात्र नियम पाळून बाजारात जाऊ शकते. ती तयारी काय असते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याला ते बियाण्याच्या उदाहरणाने चटकन कळेल.

कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे आहे. कर्जत-३, कर्जत-७ हे वाण आपल्या बांधावरचे. समजा तुम्ही बीजोत्पादन घेतले. नुसते "माझे भात चांगले आहे" म्हणून पिशवीला निळी खूणचिठ्ठी मिळते का? मूळ बियाण्याची पावती आणि चिठ्ठी जपून ठेवावी लागते. क्षेत्राची नोंदणी करावी लागते. शेजारच्या दुसऱ्या वाणापासून ३ मीटर अंतर सोडावे लागते. भेसळीची झाडे उपटावी लागतात. तपासनीस ऐन पिकात येऊन शेत पाहतो. शेवटी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि उगवण ८० टक्के भरली तरच पिशवी पास होते. कंपनीची बाजाराची तयारी अगदी अशीच असते.

मूळ बियाण्याची पावती म्हणजे मालकीचे कागद. कंपनीची जमीन, गोदाम, यंत्रे खरोखर कंपनीच्या नावावर आहेत की अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या, हे आधी स्वच्छ करावे लागते. परवाने, कर, कोर्टातले दावे, सगळे बाहेर काढावे लागते.

विलगीकरण अंतर म्हणजे मालकाचा खिसा आणि कंपनीचा गल्ला यांच्यातले अंतर. मालकाने कंपनीच्या पैशातून मुलीचे लग्न केले, भावाच्या टेम्पोला जादा भाडे दिले, तर तो व्यवहार नावानिशी उघड करावा लागतो.

भेसळ काढणे म्हणजे हिशोब. शेवटच्या तीन वर्षांचे हिशोब एकाच पद्धतीने पुन्हा मांडून घ्यावे लागतात. ते तपासणारा लेखापरीक्षकही असा लागतो की ज्याच्या स्वतःच्या कामाची तपासणी झालेली आहे.

तपासनीस म्हणजे मर्चंट बँकर आणि वकील. ते प्रत्येक विधानाला पुरावा मागतात. संचालक मंडळात घरचीच माणसे असून चालत नाही, स्वतंत्र संचालक घ्यावे लागतात आणि लेखापरीक्षण समितीत त्यांचेच बहुमत लागते.

मग माहितीपत्रकाचा मसुदा तयार होतो. तो सेबीकडे आणि शेअर बाजाराकडे जातो, आणि किमान २१ दिवस कोणालाही वाचता येईल व शंका काढता येईल असा खुला ठेवावा लागतो. त्यातला धोक्यांचा भाग मुद्दाम वाचण्यासारखा असतो. आमचे निम्मे उत्पन्न एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून आहे, आमच्यावर अमुक खटला आहे, पाऊस कमी झाला तर आमचा कच्चा माल कमी पडेल, असे कंपनीने स्वतःच्या तोंडाने लिहायचे असते. आपल्याकडे कोणत्या संस्थेच्या अहवालात असे वाक्य वाचायला मिळते? आपले अहवाल "संस्थेची घोडदौड" यानेच सुरू होतात आणि त्यावरच संपतात.

कमाईचीही अट आहे. मुख्य बाजारात नेहमीच्या वाटेने यायचे तर गेल्या तीन वर्षांत कामकाजाचा सरासरी नफा १५ कोटी रुपये असावा लागतो. छोट्या उद्योगांसाठी मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी २०१२ मध्ये वेगळा विभाग काढला. सेबीने २०२५ मध्ये तिथलाही नियम घट्ट केला. आता मागच्या तीनपैकी किमान दोन वर्षांत १ कोटी रुपयांचा कामकाजाचा नफा दाखवावा लागतो. या विभागात गुंतवणूकदाराचा किमान अर्जही २ लाख रुपयांच्या वर ठेवला आहे, कारण जोखीम मोठी आहे आणि लहान माणसाने तिथे सहज उतरू नये असा त्यामागचा हेतू आहे.

एवढे सारे करूनही बाजार भाव देईलच असे नाही. पुणे जिल्ह्यातील मंचरची पराग मिल्क फूड्स शेतकऱ्यांच्या दुधावर उभी राहिलेली कंपनी. मे २०१६ मध्ये तिचे शेअर विक्रीला आले तेव्हा मुदत तीन दिवस वाढवावी लागली, दरपट्टा खाली आणावा लागला आणि अखेर २१५ रुपये भाव ठरला. चांगल्या चालत्या कंपनीची ही गोष्ट. आणि आमच्या कागदावर नोंदणीसुद्धा न झालेल्या कंपनीचा तीन वर्षांनंतरचा भाव छापून तयार!

आणखी एक ध्यानात ठेवा. निळी चिठ्ठी पोत्याला मिळाली म्हणजे एकरी उताऱ्याची हमी मिळत नाही, चिठ्ठी फक्त शुद्धता आणि उगवण सांगते. तसेच सेबीने माहितीपत्रक पाहिले म्हणजे सेबीने कंपनी चांगली असल्याचा दाखला दिला, असे होत नाही. माहिती पुरती दिली आहे की नाही एवढेच पाहिले जाते. पुढचा निर्णय आपला आणि नुकसानही आपले.

मोहाडीचा मार्ग

मग शेतकऱ्यांच्या कंपनीला बाहेरचा मोठा पैसा मिळतच नाही का? मिळतो, पण वळसा घालून. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी उभी केलेली सह्याद्री फार्म्स आपल्यापैकी अनेकांनी अभ्यास सहलीत पाहिली असेल. द्राक्ष निर्यातीतून ती वाढली. वरची कंपनी शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आहे. तिच्याखाली काढणीपश्चात कामाची वेगळी कंपनी आहे. २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले ते या खालच्या कंपनीत. वरच्या उत्पादक कंपनीत बाहेरच्या गुंतवणूकदाराला भाग देताच येत नाही. उद्या बाजारात जायचे झाले तरी खालचीच कंपनी जाऊ शकते, उत्पादक कंपनी नाही.

हा मार्ग हुशारीचा आहे, पण त्यालाही किंमत आहे. समजा खालची कंपनी पूर्णपणे शेतकऱ्यांच्या कंपनीची आहे. तिने बाहेरच्याला २५ टक्के भाग दिला की शेतकऱ्यांकडे ७५ उरले. पुढे बाजारात जाताना सर्वसाधारणपणे आणखी २५ टक्के लोकांकडे द्यावे लागतात. म्हणजे निम्म्यावर आलो. त्या खालच्या कंपनीत एक माणूस एक मत हा नियम नाही, तिथे जितके भाग तितकी मते. शेअर बाजाराला दर तीन महिन्यांनी नफा दाखवावा लागतो, आणि आपल्याला मात्र मालाला भाव हवा असतो. भाव वाढवून दिला की नफा कमी दिसतो. या दोन ओढींमध्ये कोणाचे चालणार, हे आधीच लिहून ठेवले नाही तर मुळशीसारखेच होईल. जमीन आमची, घाम आमचा आणि भाग दुसऱ्याचा.

म्हणून बाजारात जाणे हे आपल्या शेतकरी कंपन्यांचे ध्येय असावे असे मला वाटत नाही. पण बाजारात जाणारी कंपनी जी तयारी करते, ती तयारी मात्र आपल्या प्रत्येक कंपनीने आजपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. मोहाडीला बाहेरचा पैसा मिळाला तो हिशोब दाखवता आला म्हणून, आणि ते काम आपल्या हातातले आहे.

आपल्या कंपन्यांचे काय?

खरे बोलायचे तर आपल्या भागातल्या माझ्या पाहण्यातल्या काही कंपन्या कागदावर जन्मल्या आणि कागदावरच राहिल्या. योजना आली, गट जमवले, अंगठे-सह्या झाल्या, फोटो काढला. अनुदानाचे अवजार आले आणि एखाद्या संचालकाच्या अंगणात उभे राहिले. सभासदाला विचारले, "तुमचा भाग किती?" तर तो म्हणतो, "पाचशे भरले होते बहुतेक." भाग-दाखला पाहिलेला नाही, ताळेबंद पाहिलेला नाही. आम्हा खात्यातल्या लोकांचाही यात दोष आहे. आम्ही कंपन्यांची संख्या मोजली, त्यांच्या वह्या पाहिल्या नाहीत.

याचे परिणाम साधे नाहीत. कंपनी निबंधकाकडे दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण असे दोन नमुने भरावे लागतात. उशीर झाला की प्रत्येक नमुन्याला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. एका वर्षाचा उशीर म्हणजे एका नमुन्याचे ३६,५०० आणि दोन्हींचे ७३,००० रुपये. लागोपाठ तीन वर्षे भरले नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. सही करा म्हटले म्हणून संचालक झालेल्या आपल्या आया-बहिणींना हे कोणी सांगितले आहे काय?

म्हणून सुरुवात कशी करावी ते सांगतो.

एक, भागधारकांची नोंदवही पूर्ण करा. नाव, भाग, रक्कम, तारीख आणि वारस. प्रत्येकाला भाग-दाखला द्या. केंद्राच्या २०२० च्या योजनेत सभासदाच्या भागाइतके, सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीला १५ लाखांपर्यंत अनुदान ठेवले आहे. पण मुळात सभासदाचा भाग नोंदलेला असेल तरच त्याला जोड मिळणार.

दोन, कंपनीचे बँक खाते आणि संचालकाचे खाते यांत विलगीकरण अंतर ठेवा. भाजीचे पैसे कोणाच्याही स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नका. कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारातून आलेली प्रत्येक पट्टी फाईलला लावा.

तीन, नात्यातला व्यवहार असेल तर इतिवृत्तात लिहा. अध्यक्षांच्या भावाचा टेम्पो लावायला हरकत नाही. पण भाडे किती, दुसऱ्याने किती मागितले होते, आणि ठरवताना अध्यक्ष बाहेर गेले होते का, एवढे कागदावर यावे.

चार, वार्षिक सभा खरी घ्या. कायद्याने किमान १४ दिवस आधी लेखी नोटीस आणि सोबत तपासलेला ताळेबंद द्यायचा असतो. गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. ४०० सभासद असतील तर १०० जण हजर हवेत. नंतर घरोघर वही फिरवून घेतलेल्या सह्या म्हणजे सभा नव्हे. संचालक मंडळाची बैठकही दर तीन महिन्यांत एकदा झाली पाहिजे.

पाच, अहवालात धोक्यांचे एक पान घाला. यंदा कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणे अडकले, कोणते यंत्र बंद आहे, राजनाल्याचे पाणी उशिरा सुटले तर काय होईल. हे पान लिहिताना संचालकांच्या जिवावर येईल. पण ज्या दिवशी ते पान लिहिले जाईल त्या दिवसापासून सभासदाचा विश्वास वाढू लागेल.

कोणी म्हणेल, "साहेब, चार क्रेट कारली विकायला एवढा कारभार? आणि वही उघडी केली तर व्यापाऱ्याला आमचा भाव कळेल." प्रश्न रास्त आहे. वही सभासदांपुढे उघडायची आहे, व्यापाऱ्यापुढे नाही. आणि चार क्रेटला एवढा कारभार लागतही नाही. चार क्रेट तुम्ही एकट्याने विकू शकता. पण ज्या दिवशी ४०० घरांचा माल एकत्र करायचा, गोदाम बांधायचे, बँकेकडे कर्जाला जायचे, त्या दिवशी बँकेचा अधिकारी तीन वर्षांचा ताळेबंदच मागणार आहे. तेव्हा तीन वर्षे मागे जाऊन तो तयार करता येत नाही. रोहिणीत राब भाजला नसेल तर मृगात रोप कुठून आणाल?

कागद आला तर काय पाहावे?

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेब, आपल्याला एक विनंती. गावात शेअरचा कागद घेऊन कोणी आले तर लोक आधी आपल्याकडे येतात. अशा वेळी चार खुणा तपासा.

खऱ्या सार्वजनिक विक्रीत पैसे कोणाच्या हातात द्यावे लागत नाहीत. अर्जाची रक्कम आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवली जाते, शेअर मिळाले तरच कापली जाते आणि न मिळाले तर मोकळी होते. शेअर मिळतात ते डीमॅट खात्यात, वहीच्या पानावर नाही. माहितीपत्रक सेबीच्या किंवा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आणि "बाजारात यायच्या आधी खासगीत देतो" असे कोणी म्हणाले, तर खासगी विक्रीही कायद्याने वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना करता येत नाही, तिची जाहिरात करता येत नाही आणि रोख पैसे घेता येत नाहीत. यातली एक खूण जरी चुकली तरी सही करू नका.

हे भय उगाच नाही. १९९० च्या दशकात सागवानाची झाडे लावून वीस वर्षांत लखपती करतो म्हणणाऱ्या कंपन्या आल्या आणि अनेक जण बुडाले. त्यानंतर १९९९ मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम करावे लागले. पुढे सहाराच्या दोन कंपन्यांनी खासगी विक्री म्हणत कोट्यवधी लहान माणसांकडून पैसा गोळा केला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. आदेश झाला तरी गावातल्या माणसाला आपली रक्कम मिळवण्यासाठी किती वर्षे घालवावी लागतात, हे ज्याचे अडकले त्याला विचारा.

शेअर वाईट, बाजार वाईट, असे मला म्हणायचे नाही. कर्जतहून लोकल पकडली की दोन तासांत आपण मुंबईत, आणि दलाल स्ट्रीट तिथून हाकेच्या अंतरावर. आपली शिकलेली मुले त्या बाजारात नोकरी करतात, जाणतेपणाने पैसेही गुंतवतात. त्यांनी जरूर करावे. पण उत्पादक कंपनी हे बाजारात विकायचे पोते नव्हे. ते आपल्या सर्वांचे खळे आहे. खळ्यावर मोजणी सर्वांसमोर होते, म्हणून तिथे भांडण कमी होते.

त्या काकांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. कागद वाटणारा माणूस पुन्हा गावात आला तेव्हा काकांनी त्याला कंपनीचा नोंदणी दाखला मागितला. "पुढच्या महिन्यात आणतो," म्हणून तो गेला तो अजून आलेला नाही. काकांचे पैसे बँकेतच आहेत. गावातल्या दुसऱ्या, खऱ्या उत्पादक कंपनीत मात्र ते सभासद झाले, एक हजार रुपये भरून, भाग-दाखला हातात घेऊन. यंदाच्या वार्षिक सभेत ते पुढच्या रांगेत बसले होते. अध्यक्षांचे भाषण रंगात आले असताना ते उठून म्हणाले, "भाषण मागनं करा, आधी वही दाखवा."

सभा दोन मिनिटे शांत झाली. मग अध्यक्षांनी वही आणायला माणूस पाठवला. आपल्या गावच्या सभेतही हे वाक्य एकदा बोलून पाहा.